४०१(के)चे पैसे परत आले : टेस्ट फेल झाली म्हणजे काय, आणि टॅक्स कुठल्या वर्षात?

पारिजात_एडिसन | १७ मार्च २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

काल टपालात माझं ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत योजना, सांभाळणाऱ्या कंपनीचं पाकीट आलं. तिमाहीचा हिशेब असेल म्हणून बाजूला ठेवलं होतं, आज उघडलं तर आत ४,१८५ डॉलरचा चेक. सोबतच्या पानावर एकूण रक्कम ४,६५०, त्यातले ४६५ फेडरल टॅक्सपोटी कापलेले, आणि खाली एकच वाक्य : २०२५ची एडीपी टेस्ट पास न झाल्यामुळे जादा कॉन्ट्रिब्युशन परत करत आहोत.

मी न्यू जर्सीत पंचेचाळीस माणसांच्या कंपनीत आहे. दवाखान्यांना लागणारा माल आम्ही पुरवतो. अर्ध्याहून जास्त माणसं गोदामात पॅकिंगला, बाकी ऑफिसात. गेल्या वर्षीची २३,५०० डॉलरची मर्यादा मी काटेकोर पाळली, एक डॉलरही वर गेलेला नाही. मग जादा कुठून आलं?

एचआरला विचारलं तर "ही कंपनीची टेस्ट आहे, तुमची काही चूक नाही" एवढंच उत्तर मिळालं. पण २०२५चा टॅक्स रिटर्न मी फेब्रुवारीतच भरलाय. तो आता दुरुस्त करायचा का? मी ३८ वर्षांची आहे, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा १० टक्के दंड बसेल का? हे पैसे आयआरएत, म्हणजे स्वतःच्या नावाच्या निवृत्ती खात्यात, रोलओव्हर करता येतील का? आणि एक कोडं सुटत नाहीये. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचा पगार माझ्याहून थोडा जास्तच आहे, त्यानेही पूर्ण २३,५०० भरले, आणि त्याला एक डॉलरही परत आलेला नाही.

खरं सांगते, वाईट वाटलं. दर पंधरवड्याला हात आखडून हे पैसे बाजूला टाकले होते. जो नियमाने वाचवतो त्यालाच शिक्षा, असं वाटतंय. कोणाला अनुभव आहे का?

डॅलसचा_दादर | १७ मार्च, रात्री १०:०५

चेक वटवून टाका आधी, मग रडू! :)

आकडेमोड | १७ मार्च, रात्री ११:१२

पारिजात, काळजी करू नका. मी गेली बारा वर्षं याच कामात आहे. छोट्या कंपन्यांच्या योजनांच्या या टेस्ट आम्हीच चालवतो, आणि जानेवारी ते १५ मार्च आमच्याकडे सुगी असते.

आधी टॅक्स. रिटर्नला हात लावू नका. एडीपी टेस्टमुळे परत आलेली रक्कम ज्या वर्षी हातात येते त्या वर्षीचं उत्पन्न धरतात. चेक मार्च २०२६चा, म्हणून टॅक्स २०२६चा. जानेवारी २०२७मध्ये तुम्हाला १०९९-आर, म्हणजे योजनेतून मिळालेल्या पैशांचा फॉर्म, येईल, त्याच्या सातव्या चौकोनात ८ हा कोड असेल. तेव्हा रिटर्नमध्ये ती रक्कम पगाराच्या ओळींमध्ये, १एच या ओळीवर येते. २०२५चा डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा दाखला, बदलत नाही. १० टक्के दंड नाही. कापलेले ४६५ कुठे जात नाहीत, ते तुमच्या नावावर आधीच भरलेला टॅक्स म्हणून जमा धरले जातात. रोलओव्हर मात्र अजिबात चालत नाही.

नेटवर "मागच्या वर्षाचा रिटर्न दुरुस्त करा" असं सांगणारे जुने लेख सापडतील. २००८च्या आधी बहुतेक वेळा तसंच होतं. २००६च्या पेन्शन कायद्याने ते बदललं.

आता जादा कुठून आलं. मर्यादा दोन आहेत. २३,५०० ही तुमची स्वतःची, ती तुम्ही पाळलीत. दुसरी सगळ्या गटाची, तीच एडीपी टेस्ट. कंपनीतल्या लोकांचे दोन गट करतात. २०२५साठी ज्यांचा २०२४चा पगार १,५५,००० डॉलरच्या वर होता ते, आणि पाच टक्क्यांहून जास्त मालकी असलेले, हे सगळे एचसीई, म्हणजे वरचा गट. बाकीचे दुसऱ्या गटात. प्रत्येकाने पगाराचा किती टक्का भरला ते काढायचं आणि दोन्ही गटांची सरासरी शेजारी शेजारी मांडायची. खालच्या गटाची सरासरी ३.४ टक्के असेल तर वरच्या गटाला ५.४ पर्यंतच जाता येतं. १.५ असेल तर ३ पर्यंत. खालचे १० टक्के भरत असतील तर वरचे १२.५ पर्यंत. साधारण हिशेब असा : खाली २ पर्यंत असेल तर दुप्पट, २ ते ८ मध्ये असेल तर अधिक २, त्यापुढे सव्वापट.

आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट : ज्याला भाग घ्यायचा हक्क आहे पण ज्याने फॉर्मच भरला नाही, तोही सरासरीत शून्य म्हणून मोजला जातो. तुमच्या गोदामात किती शून्यं आहेत ते विचारा. तुमचा चेक तिथून आलाय.

उंबरठा | १८ मार्च, सकाळी ६:५०

माहिती छान, पण मला हा नियमच पटत नाही. भाग घ्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. शेजाऱ्याने बचत केली नाही म्हणून माझी बचत का परत पाठवायची? सहा वर्षांत तीनदा माझे पैसे परत आले. प्रत्येक वेळी वरच्या स्लॅबने टॅक्स भरला आणि त्या पैशांची पुढच्या पंचवीस वर्षांची वाढ कायमची गेली. शिवाय परत गेलेल्या रकमेवर कंपनीने जोडीला घातलेली रक्कम, म्हणजे मॅचही, काढून घेतली. याची भरपाई कोण देणार?

शिकागोची_थंडी | १८ मार्च, सकाळी ८:२५

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. आमचं चौदा जणांचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने ४०१(के) सुरू केलं. मी आणि नवरा, दोघांनी पूर्ण भरले. मार्चमध्ये टेस्ट आली आणि आमचे जवळजवळ सगळे पैसे परत. मालक म्हणून मी एचसीई, आणि नवऱ्याच्या नावावर एक शेअरही नसताना, पगारही बेताचा असताना, केवळ माझा नवरा म्हणून तोही एचसीई. मुलगा उन्हाळ्यात रिसेप्शनला बसला असता तर तोही झाला असता.

तेव्हा उंबरठा म्हणतायत तसंच मला वाटलं होतं. मग एका दुपारी रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं, तुम्ही का नाही भरत? त्या म्हणाल्या, मॅच नाही, माझ्या पगारातून शंभर डॉलर गेले की महिनाअखेरीस गाडीत पेट्रोल टाकायचे वांधे होतात. आम्ही मॅच ठेवलीच नव्हती. योजना आमच्या सोयीची होती, त्यांच्या नव्हे.

दुसऱ्या वर्षापासून सेफ हार्बर घेतलं. प्रत्येकाला, त्याने स्वतः भरो न भरो, पगाराच्या ३ टक्के आम्ही देतो, आणि ते पहिल्या दिवसापासून त्याचे. कर्मचाऱ्यांचे पगार मिळून ५,२०,००० डॉलर, म्हणजे वर्षाला १५,६००. तो खर्च धंद्याच्या हिशेबात वजा होतो, एडीपी टेस्ट द्यावी लागत नाही आणि आम्ही दोघं पूर्ण भरू शकतो. आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी दुसरीही एक टेस्ट असते, टॉप-हेवीची. योजनेतल्या एकूण पैशांपैकी ६० टक्क्यांहून जास्त मालक आणि बड्या अधिकाऱ्यांचे झाले, तर बाकीच्यांना सहसा ३ टक्के द्यावेच लागतात. आमचं तिकडेच चाललं होतं. मग जे उद्या सक्तीने द्यायचं ते आज आपणहून दिलेलं काय वाईट?

पारिजात_एडिसन | १८ मार्च, दुपारी १२:३०

आकडेमोड, मनापासून आभार. काल रात्री शांत झोप लागली. थंडीताई, तुमच्या रिसेप्शनच्या बाईंचं वाचून विचारात पडले. शेजाऱ्याचं कोडं तेवढं राहिलं.

डॅलसचा_दादर | १८ मार्च, दुपारी १:१०

शेजारी साहेबांचा लाडका असेल.

आता गंभीरपणे. माझा प्रकार वेगळा आहे, पण लोक दोन्हींचा घोळ घालतात म्हणून लिहितो. २०२४च्या जुलैत मी नोकरी बदलली. जुन्या ठिकाणी १४,००० भरले होते. नव्या ठिकाणी टक्केवारी तीच ठेवली आणि डिसेंबरपर्यंत आणखी १२,५०० गेले. एकूण २६,५००, मर्यादा २३,०००. ही टेस्ट नव्हे, ही माझी स्वतःची मर्यादा ओलांडली. आणि ते पाहणं माझंच काम होतं, कारण एका पेरोलला दुसरा दिसत नाही. दोन्ही डब्ल्यू-२ समोर ठेवून बाराव्या चौकोनातल्या डी कोडच्या रकमांची बेरीज केली तेव्हा कळलं.

फेब्रुवारीत नव्या योजनेला लेखी कळवलं, मार्चमध्ये ३,५०० आणि त्यावरचे ९६ डॉलर परत आले. इथे टॅक्सची गंमत पाहा. ३,५०० वर टॅक्स २०२४चा, कारण ते त्या वर्षी पगारातून वजा झाले होते. ९६ वर २०२५चा. १०९९-आर दोन येतात, एकावर पी, दुसऱ्यावर ८, आणि दोन्ही येतात २०२६च्या जानेवारीत! म्हणजे फॉर्म हातात नसतानाच एप्रिल २०२५च्या रिटर्नमध्ये ३,५०० दाखवावे लागले.

आकडेमोड | १८ मार्च, दुपारी १:५५

दादर, अगदी बरोबर, आणि तुम्ही वेळेत जागे झालात. यातली १५ एप्रिलची तारीख कोणीही चुकवू नका. त्या तारखेपर्यंत जादा रक्कम बाहेर आली नाही, तर तिच्यावर दोनदा टॅक्स बसतो : एकदा भरलेल्या वर्षात, आणि पुन्हा ती योजनेतून निघेल त्या वर्षात. एच-१बीवर वर्षात दोन कंपन्या बदललेली मुलं यात फार सापडतात. या मार्चमध्येच दोघांचे फोन आले.

पारिजात, शेजाऱ्याचं वय काय?

खाडीकिनारी | १८ मार्च, दुपारी ४:१५

आमच्या बे एरियात आणखी एक प्रकार. ज्यांच्या योजनेत आफ्टर-टॅक्स कॉन्ट्रिब्युशन चालतं ते लोक पूर्ण २३,५०० झाल्यावर पुढे आफ्टर-टॅक्स, म्हणजे टॅक्स कापून उरलेल्या पगारातून, भरतात आणि लगेच रॉथमध्ये, म्हणजे आधीच टॅक्स भरलेल्या पैशांच्या खात्यात, वळवतात. सगळं मिळून, कंपनीची मॅच धरून, २०२५ची मर्यादा ७०,००० होती. पण आफ्टर-टॅक्सची टेस्ट वेगळी, एसीपी. कंपनीने सेफ हार्बर मॅच दिली तरी आफ्टर-टॅक्स त्या टेस्टमधून सुटत नाही. आमच्याकडे गोदाम नाही, पण सपोर्टचा मोठा विभाग आहे, आणि तिथलं कोण आफ्टर-टॅक्स भरणार? मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये ईमेल आलं की एचसीईंना आता पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंतच. मला राग आला होता. पण मार्चमध्ये चेक येण्यापेक्षा ऑगस्टमध्ये ईमेल आलेलं कधीही चांगलं.

परत आलंच तर मूळ रकमेवर टॅक्स नाही, कारण तो आधीच भरलेला. फक्त वाढीवर.

कोथरूडकर | १८ मार्च, रात्री ११:४० (पुणे)

अवांतर, पण तुलना म्हणून. आपल्याकडे पीएफमध्ये अशी टेस्ट ऐकली नाही. कारण बहुधा हे की पीएफ ऐच्छिक नसतो : माणूस १२ टक्के, मालक १२ टक्के, मशीनवरचा असो की मॅनेजर. जास्त पगारवाल्यांना लगाम लावला तो टॅक्समधून. १ एप्रिल २०२१ पासून वर्षाला अडीच लाखांच्या वर स्वतःचं योगदान गेलं की त्या वरच्या भागाच्या व्याजावर टॅक्स. व्हीपीएफ भरभरून टाकणारे आमच्या ऑफिसातले ज्येष्ठ त्या वर्षी चांगलेच हळहळले होते. तुमच्याकडे ऐच्छिक आहे म्हणूनच कोण किती भरतो हे तपासावं लागतं, असं मला वाटतं.

आकडेमोड | १८ मार्च, रात्री ९:३० (क्लीव्हलंड)

कोथरूडकर, नेमकं बोट ठेवलंत. उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर याच्याशीच जोडलेलं आहे.

४०१(के) हे नाव १९७८च्या कायद्यातल्या एका पोटकलमाचं आहे. त्याआधी काही कंपन्यांमध्ये वरच्या लोकांना बोनस रोख घ्या किंवा योजनेत टाका अशी मुभा होती, आणि सरकारला शंका होती की टॅक्सची सगळी सवलत याच लोकांच्या खिशात जाते. म्हणून मुभा कायम ठेवली आणि तिच्या गळ्यात ही टेस्ट बांधली. ही सवलत म्हणजे सरकारने सोडलेला टॅक्स आहे, तो सगळ्यांचा पैसा. पंचेचाळीस माणसांच्या कंपनीत तो फक्त सहा जणांनाच मिळत असेल तर मालकाने काहीतरी करावं, एवढंच ती टेस्ट सांगते.

तुमचे पैसे तीनदा परत आले हे मात्र चूक आहे, आणि ती तुमच्या मालकाची. एकदा फेल होणं समजू शकतो. तीनदा फेल होऊन फक्त चेक फाडत बसणं म्हणजे काम टाळणं. त्याच्याकडे मार्ग होते : मॅच वाढवणं, नव्या माणसाला आपोआप योजनेत घेणं, सेफ हार्बर. इतकंच काय, चेक परत न पाठवता खालच्या गटाच्या खात्यात जादा पैसे भरूनही टेस्ट सुधारता येते.

उंबरठा | १८ मार्च, रात्री १०:२०

मालकाची जबाबदारी हा मुद्दा मान्य. तरी शिक्षा मला होते, त्याला नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

आकडेमोड | १८ मार्च, रात्री १०:४५

त्यालाही होते, तारखा चुकल्या की. आपल्या भाषेत सांगतो. वर्ष संपल्यापासून अडीच महिन्यांत, म्हणजे १५ मार्चपर्यंत पैसे परत केले तर सुटला. तो चुकला तर एटीकेटी : परत करायच्या रकमेवर १० टक्के एक्साइज टॅक्स, मालकाच्या खिशातून, ५३३० नंबरचा फॉर्म भरून. (ज्या योजनांत सगळ्यांना आपोआप घेण्याची विशिष्ट सोय आहे त्यांना ३० जूनपर्यंत वेळ.) आणि पुढचं अख्खं वर्ष संपेपर्यंतही दुरुस्त केलं नाही तर योजनेची मान्यताच धोक्यात येते.

परत कोणाला किती, यातही अन्याय वाटावा असा एक भाग आहे. समजा एचसीई दोघेच. एकाचा पगार १,७०,०००, त्याने १० टक्के म्हणजे १७,००० भरले. दुसरीचा पगार ३,५०,०००, तिने २३,५०० भरले, म्हणजे ६.७ टक्के. मर्यादा ५.४. एकूण किती परत करायचं ते टक्क्यांवरून काढतात : पहिल्याचे ७,८२० आणि दुसरीचे ४,६००, मिळून १२,४२०. पण वाटप करताना टक्के सोडून डॉलर पाहतात, ज्याने जास्त डॉलर भरले त्याच्यापासून सुरुवात. म्हणून दुसरीला ९,४६० परत आणि पहिल्याला फक्त २,९६०. शेवटी दोघांच्या खात्यात सारखेच १४,०४० राहतात. टक्केवारी ज्याची जास्त, चेक त्याचाच मोठा असं होत नाही. हे मी दर मार्चला निदान दहा लोकांना फोनवर समजावतो.

पिट्सबर्गकर | १९ मार्च, सकाळी ७:१५

पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींनी लक्षात ठेवा : आमचं राज्य ४०१(के)त भरलेल्या पैशावर त्याच वर्षी टॅक्स घेतं. डब्ल्यू-२वर पहिल्या चौकोनापेक्षा सोळाव्या चौकोनातला आकडा मोठा दिसतो तो त्यामुळे. म्हणून योजनेतून पैसे परत आले की फेडरलला उत्पन्न, पण राज्याला मूळ रकमेवर पुन्हा टॅक्स देऊ नका. माझ्या सॉफ्टवेअरने ती रक्कम सरळ राज्याच्या रिटर्नमध्ये ओढली होती. हाताने काढावी लागली.

परतीचा_पाऊस | १९ मार्च, सकाळी ८:४० (नाशिक)

माझ्याकडून एक कळकळीची सूचना : पत्ता बदला. ह्यूस्टनला असताना घर बदललं, पण जुन्या नोकरीच्या ४०१(के)मध्ये पत्ता तोच राहिला. योजनेतून परत केलेल्या पैशांचा चेक कुठे फिरला कोण जाणे. पुढच्या जानेवारीचा १०९९-आरही तिकडेच गेला. मी रिटर्नमध्ये काहीच दाखवलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आयआरएसला, म्हणजे तिकडच्या टॅक्स खात्याला, मात्र त्याची प्रत गेलेली होती. पुढे सीपी-२००० नावाची नोटीस आली : हे उत्पन्न राहिलं, एवढा टॅक्स आणि वर व्याज. न मिळालेल्या चेकवर टॅक्स भरायची वेळ आली, आणि तो चेक रद्द करून नवा मिळवायला चार महिने लागले. नोटिशीचा तो लिफाफा आल्या दिवशी बायको सात महिन्यांची गरोदर होती, तिला चार दिवस सांगितलंही नाही.

मोगरा | १९ मार्च, दुपारी ३:००

माझे यजमान स्वतंत्र कन्सल्टिंग करतात, सोलो ४०१(के) आहे. योजनेत आम्ही दोघंच, त्यामुळे टेस्ट वगैरे नाही. म्हणून कागदपत्रंही नाहीत असा आमचा समज. तो फार महागात पडता पडता वाचला. खात्यात वर्षअखेरीस अडीच लाख डॉलरच्या वर गेले की ५५००-ईझेड हा फॉर्म दर वर्षी भरावा लागतो. त्यावर टॅक्स काही नाही, नुसती माहिती. कॅलेंडर वर्ष असेल तर ३१ जुलैपर्यंत. उशिराचा दंड मात्र दिवसाला २५० डॉलर, एका फॉर्मला दीड लाखापर्यंत.

आमची दोन वर्षं राहिली होती. हिशेब केला आणि माझे हातपाय गार पडले. मग कळलं की आयआरएसची नोटीस येण्याआधी आपण होऊन कागदी फॉर्म भरले तर एका वर्षाचे ५०० आणि एका योजनेचे जास्तीत जास्त १,५०० भरून सुटता येतं. आम्ही १,००० भरले. पहिल्या पानावर लाल अक्षरात त्या सवलतीचं नाव लिहायचं असतं, ते मी स्वतः लाल पेनने लिहिलं आणि पाकीट पोस्टात देऊन पावती देवापुढे ठेवली.

शिकागोची_थंडी | १९ मार्च, संध्याकाळी ५:३५

मोगरा, आम्ही चौदा जण म्हणून आमचा ५५००-एसएफ. तो सगळ्यांना ऑनलाइन वाचता येतो, कोणीही नाव टाकून शोधावं. त्यावर एक प्रश्न असतो : कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेले पैसे कधी उशिरा जमा केलेत का? एका वर्षी पेरोल सांभाळणारी बाई रजेवर होती आणि तीन आठवडे पैसे क्लिनिकच्या खात्यातच राहिले. शंभराच्या आतल्या योजनांना सात कामाच्या दिवसांची सुरक्षित मुदत असते. आम्ही त्या "हो"वर खूण केली, प्रत्येकाचं बुडालेलं व्याज काढून त्यांच्या खात्यात टाकलं, आणि त्या व्याजावर १५ टक्के एक्साइज भरला. व्याज सगळं मिळून ४१ डॉलर निघालं. रक्कम लहान होती, पण ते पैसे आमचे नव्हतेच.

पारिजात_एडिसन | १९ मार्च, रात्री ९:१०

शेजाऱ्याला वय विचारायला संकोच वाटत होता, पण आज जेवताना विषय काढला. ५४. त्याचा काय संबंध?

आकडेमोड | १९ मार्च, रात्री ९:२२

तेच! ज्यांना पन्नास पूर्ण झाली त्यांना कॅच-अप म्हणून २०२५मध्ये आणखी ७,५०० भरायची मुभा होती. त्याने ती वापरलीच नव्हती. त्यामुळे टेस्टमुळे जी रक्कम परत करायची ती परत न करता कॅच-अप म्हणून तिथेच राहू देतात. पैसे हलत नाहीत, नुसतं नाव बदलतं. त्याचाही वाटा तुमच्यासारखाच निघाला, पण तो त्याच्या खात्यातच मुरला.

२०२६पासून त्यात एक बदल आहे : मागच्या वर्षीचा पगार दीड लाखावर असेल तर कॅच-अप रॉथमध्येच, म्हणजे टॅक्स भरून. त्याला सांगा.

डॅलसचा_दादर | १९ मार्च, रात्री ९:३०

साहेबांचा लाडका म्हटलं होतं, माझे शब्द मागे घेतो. वयाचा मान आहे तो.

खाडीकिनारी | २० मार्च, सकाळी १०:००

पारिजात, रोलओव्हर चालत नाही, पण तुमच्या खिशातून २०२५साठी आयआरएत ७,००० पर्यंत १५ एप्रिलच्या आत टाकता येतील, आधी टाकले नसतील तर. तुमच्या पगाराला वजावट बहुधा मिळणार नाही, मग रॉथचा मार्ग तपासा. ४,१८५ पुन्हा म्हातारपणाच्याच डब्यात गेले तर निदान मनाला बरं वाटेल.

पारिजात_एडिसन | ३ एप्रिल, रात्री १०:१५

मंडळी, धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

आकडेमोड यांनी सांगितलं तसं एचआरला विचारलं : गोदामात शून्यं किती? ३४ जण खालच्या गटात, त्यातले १३ शून्यावर. चार वर्षांत त्यांना कोणी योजना समजावूनच सांगितली नव्हती. कामावर आले त्या दिवशी जाडजूड पुस्तिका हातात दिली, ती इंग्रजीत, आणि त्यातल्या निम्म्यांना स्पॅनिश जवळची.

मी मालकांकडे गेले. आधी म्हणाले, दर वर्षी दोनचार चेकच तर जातात. मी थंडीताईंचा हिशेब मांडला, उंबरठ्यांचे तीन चेकही सांगितले. सेफ हार्बरचं पुढच्या जानेवारीपासून पाहू म्हणाले. लेखी काही नाही, पण योजना चालवणाऱ्यांना फोन लावला तो माझ्यासमोर.

तोवर काय करता येईल म्हणून गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ब्रेकरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसले. स्पॅनिश येणारी आमची डिस्पॅचची मुलगी सोबत, आणि योजनेची माहिती देणारं एक स्पॅनिश पान. पहिल्यांदा आला तो टेप मारायच्या टेबलावरचा माणूस, तासाला १९ डॉलर. मॅच आहे हे त्याला माहीत होतं, पण त्याला वाटत होतं की ती ऑफिसवाल्यांसाठीच. आठवड्याला तो ७६० कमावतो. ३ टक्के म्हणजे बावीस डॉलर ऐंशी सेंट, आणि मॅच तितकीच. त्याने खिशातून पेन काढून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ते लिहून घेतलं. वर एक गोष्ट मला तिथे बसूनच सापडली : एकट्या माणसाचं उत्पन्न २०२५ला ३९,५०० च्या आत असेल तर भरलेल्या रकमेच्या १० टक्के टॅक्समधून थेट वजा होतात, सेव्हर्स क्रेडिट म्हणून. त्याचा वर्षाचा पगार ३९,५२०. गेल्या वर्षी ३ टक्के भरले असते तर तो त्या रेषेच्या आत आला असता. वीस डॉलरने बाहेर राहिला.

आतापर्यंत १३ पैकी ८ जणांनी फॉर्म भरलाय.

उंबरठा | ३ एप्रिल, रात्री १०:५०

पारिजात, ते स्पॅनिश पान कुठे मिळालं? आमच्याकडेही लागेल.

पारिजात_एडिसन | ३ एप्रिल, रात्री १०:५८

योजना चालवणाऱ्या कंपनीकडे तयारच होतं, कोणी मागितलंच नव्हतं. ब्रेकरूमसाठी अजून काय काय मागावं लागलं त्याची यादी उद्या तुमच्यासाठी करून टाकते.